स्तनपान आणि बाळाच्या आहाराचं काम नव्याने सुरू करताय? मग हे आधी वाचा

मी या कामात शिरले तेव्हा माझ्या पिशवीत आईच्या दुधाचे फायदे लिहिलेला एक मोठा तक्ता होता. पहिल्याच बैठकीत तो भिंतीला टांगला आणि पाऊण तास बोलले. बायका माना डोलावत होत्या, मीही खूश होते. निघताना सहज मागे पाहिलं, तर कोपऱ्यात एक बाळंतीण ओठ घट्ट आवळून बाळाला पाजत होती. बाळाच्या तोंडात नुसती बोंडी होती आणि तिला चिरा पडल्या होत्या. आईचं दूध चांगलं असतं हे तिला माझ्याआधीपासून ठाऊक होतं. दुखतं का आणि दुखू नये म्हणून बाळाला कसं धरायचं, याबद्दल माझ्या पाऊण तासात एक वाक्य नव्हतं.

विकसनशील देशांत हे काम करायला निघालेले बहुतेक जण इथूनच सुरुवात करतात: माहिती कमी आहे, ती पोचवली की झालं. खरं तर मदत कमी असते. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी २०२३ साली दिलेल्या आकड्यानुसार जगातल्या सहा महिन्यांखालच्या बाळांपैकी सुमारे ४८ टक्के बाळं फक्त आईच्या दुधावर होती. उरलेल्या बहुतेक घरांत दूध चांगलं की वाईट असा वाद नसतो. कुठेतरी दुखतं, कुठेतरी धीर सुटतो, कुठेतरी कामावर जायची वेळ येते.

तुम्ही संस्थेतून काम करत असा, आरोग्य केंद्रातून किंवा आपल्याच वस्तीत, खालचा क्रम उपयोगी पडेल. मी तो चुका करत शिकले.

१. पहिले दोन आठवडे फक्त ऐका

वही घ्या, तक्ता घरी ठेवा. दहा-बारा घरांत जाऊन एवढंच विचारा: बाळ झाल्यावर पहिल्या दिवशी त्याच्या तोंडात काय गेलं? पहिलं दूध दिलं की पिळून टाकलं? पाणी कधी सुरू केलं? बाळ रडलं तर घरात कोण काय सांगतं?

या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर जपून ठेवा. बाळाच्या तोंडात काय जायचं हे ठरवणारं माणूस अनेकदा आई नसतंच. ती आजी असते, सासू असते, सुईण असते, कधी नवरा. तुम्ही आईला पटवून निघालात आणि दारापासून चार पावलं गेलात, की निर्णय फिरलेला असतो. त्यामुळे पहिल्या भेटीपासून त्या माणसाला शेजारी बसवून घ्या. आजीबाईंना शिकवायला जाऊ नका, त्यांच्या वेळी कसं होतं ते विचारा. ज्या बाईने चार-पाच लेकरं अंगावर पाजून वाढवली, तिच्याकडे सांगण्यासारखं पुष्कळ असतं. त्यातलं नव्वद टक्के उपयोगाचं निघतं. उरलेल्या दहा टक्क्यांबद्दल मग सावकाश बोलता येतं.

२. कागद आणि सामान

कागदांचं थोडक्यात सांगते. स्थानिक आरोग्य कार्यालयाची लेखी परवानगी घ्या. घरोघर जाणाऱ्या प्रत्येकीकडे ओळखपत्र हवं. नोंदी ठेवायला आणि फोटो काढायला कुटुंबाची संमती घ्या. आजारी बाळ कुठे पाठवायचं, तिथला फोन नंबर आणि तिथे जायचं वाहन, हे एका कागदावर लिहून प्रत्येकीच्या पिशवीत ठेवा. देशात बाळदुधाच्या जाहिरातींवर कायदा असेल तर त्याची स्थानिक भाषेतली प्रतही मिळवा.

सामान:

- बाळाएवढी, बाळाच्या वजनाच्या जवळपास जाणारी कापडी बाहुली
- मोज्यात कापूस भरून शिवलेला स्तन. बोंडीभोवतीचा काळसर भाग वेगळ्या रंगाच्या कापडाचा
- तान्ह्या बाळाचं वजन घेणारा काटा
- दंड मोजायची रंगीत पट्टी
- वाढीचे तक्ते
- छोटा पेला, वाटी, चमचा
- भेटींची वही

तक्त्यांबाबत एक इशारा. जागतिक आरोग्य संघटनेचे २००६ चेच वापरा. ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या सहा देशांतल्या, अंगावर पिणाऱ्या बाळांच्या वाढीवरून ते तयार केले आहेत. त्याआधीचे तक्ते बहुतांशी बाटलीवर वाढलेल्या अमेरिकन बाळांवर बेतलेले होते. अंगावर पिणारं धडधाकट बाळसुद्धा त्यांवर तीन-चार महिन्यांनंतर मागे पडल्यासारखं दिसायचं आणि लगेच वरचं दूध सुरू करायचा सल्ला मिळायचा. जुन्या कपाटांत हे तक्ते अजून सापडतात.

३. आधी शिका, मग शिकवा

जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांचा स्तनपान-समुपदेशनाचा ४० तासांचा अभ्यासक्रम आहे. तो किंवा त्यावर बेतलेला एखादा कुठे चालतो ते शोधा आणि पूर्ण करा. त्यात बरंचसं शिक्षण आईचं ऐकून कसं घ्यायचं याचं असतं. "दूध येतंय ना?" असं विचारलं की "हो" किंवा "नाही" मिळतं आणि बोलणं तिथेच संपतं. "पाजणं कसं चाललंय?" विचारलं की बाई बोलू लागते. फरक केवढासा वाटतो! मला तो अंगवळणी पडायला वर्ष लागलं.

सहाय्यिका निवडताना शिकलेली बाई शोधू नका. जिने स्वतः बाळाला पाजलंय आणि जिच्याकडे शेजारणी आपणहून येतात, अशी शोधा. ढाक्यातल्या एका अभ्यासात अशाच स्थानिक आयांना दहा दिवसांत ४० तासांचं प्रशिक्षण दिलं होतं. त्यांनी गरोदरपणापासून पाच महिन्यांपर्यंत पंधरा भेटी द्यायच्या होत्या. पाचव्या महिन्यात, जिथे त्या गेल्या तिथे ७० टक्के बाळं फक्त आईच्या दुधावर होती. जिथे गेल्या नाहीत तिथे ६ टक्के. हे निकाल २००० साली प्रसिद्ध झाले.

४. भेटींचं वेळापत्रक आखा

मेक्सिको सिटीतल्या १९९९ च्या अभ्यासात एका गटाला सहा भेटी मिळाल्या, दुसऱ्याला तीन, तिसऱ्याला एकही नाही. तिसऱ्या महिन्यात फक्त आईच्या दुधावर असलेली बाळं अनुक्रमे ६७, ५० आणि १२ टक्के होती. म्हणजे माणसं थोडी असतील तर घरं कमी घ्या, भेटी कमी करू नका.

माझा क्रम असा: गरोदरपणात शेवटच्या तीन महिन्यांत दोन भेटी, बाळंतपणानंतर पहिल्या दोन दिवसांत एक, पहिल्या आठवड्यात आणखी एक, दुसऱ्या आठवड्यात एक, मग महिन्याला एक. एकच भेट जमणार असेल तर तिसऱ्या-चौथ्या दिवसाची घ्या. तेव्हा दूध भरून येतं, छाती गच्च होते, आई रडवेली असते आणि घरात कोणीतरी डब्यातल्या पावडरीच्या दुधाचं नाव काढतं.

जन्मानंतर तासाभरात बाळ अंगाशी लागलं पाहिजे, ही बोलणी गरोदरपणातच उरकून घ्या, तीही बाळंतपणाला जे सोबत असणार त्यांच्याबरोबर. पहिलं दूध घट्ट, पिवळसर आणि थेंबभरच असतं. हा चीक. त्याचा रंग पाहून कोणी ते खराब म्हणतं, कोणी शिळं. बाळाला रोगांपासून राखणारे घटक त्यात ठासून भरलेले असतात आणि पहिल्या दिवशीच्या बाळाच्या पोटाला तेवढंच पुरतं.

५. एक पाजणं पूर्ण पाहा

या लेखातलं एकच कलम लक्षात ठेवणार असाल तर हे ठेवा. सल्ला देण्याआधी बाळ तोंड लावतं तिथपासून आपणहून सोडतं तिथपर्यंत शेजारी बसा. वीस मिनिटं लागतील, कधी चाळीस. तोंड बंद, डोळे उघडे.

आधी बाळाला कसं धरलंय ते पाहा. डोकं आणि धड एका रेषेत आहे का? मान वळवून पाणी पिऊन बघा, बाळाला काय होतं ते कळेल. बाळ आईच्या अंगाला चिकटलेलं आहे का? नुसती मान नाही, सगळं अंग आधारलेलं आहे का? नाक बोंडीसमोर आहे का?

मग पकड पाहा. तोंड मोठं उघडलेलं, खालचा ओठ बाहेर वळलेला, हनुवटी स्तनाला टेकलेली, आणि काळसर भाग बाळाच्या वरच्या ओठावर जास्त, खालच्या ओठाखाली कमी दिसणारा. ही चार लक्षणं असली तर पकड ठीक. गाल आत ओढले जात असतील किंवा चुकचुक आवाज येत असेल तर पकड सुटलेली आहे. चांगलं पिणारं बाळ आधी भराभर चोखतं, मग संथ, खोल घोट घेतं, मध्ये थांबतं, पुन्हा घेतं. गिळल्याचा आवाज ऐकू येतो.

पकड चुकली असेल तर बाळाला ओढून काढू नका. आईला तिची स्वच्छ करंगळी बाळाच्या तोंडाच्या कोपऱ्यातून आत सारायला सांगा, पकड अलगद सुटते. मग बोंडी बाळाच्या वरच्या ओठावर फिरवायची, ते जांभई दिल्यासारखा मोठा आ करेपर्यंत थांबायचं आणि त्या क्षणी बाळाला स्तनाकडे आणायचं. स्तन बाळाकडे न्यायचा नाही. तुमचा हात आईच्या अंगाला लावू नका. बाहुलीवर आणि कापडी स्तनावर दाखवा, करू तिला द्या.

त्या कोपऱ्यातल्या बाळंतिणीकडे मी तीन दिवसांनी परत गेले. बाळ उताणं होतं, फक्त मान आईकडे वळलेली. त्याचं पोट तिच्या पोटाला लागेल असं आम्ही वळवलं, दोन वेळा पकड सुटली, तिसऱ्यांदा बसली. तिचे आवळलेले खांदे खाली आले. "आता ओढतंय, टोचत नाही," एवढंच ती म्हणाली.

६. "दूध पुरत नाही" हे वाक्य

हे तुम्ही रोज ऐकाल. ऐकताक्षणी "पुरतं हो!" म्हणायचा मोह होईल, तो आवरा. तिला तसं का वाटतं ते आधी विचारा. छाती मऊ झाली, बाळ संध्याकाळी फार रडतं, सारखं मागतं, पिळलं तर थोडंच निघतं, अशी कारणं निघतात. यातलं एकही दूध कमी असल्याचा पुरावा नव्हे.

खात्री करायची दोन साधनं आहेत: लघवी आणि वजन. पहिल्या आठवड्यानंतर दिवसाला सहा किंवा जास्त वेळा फिकट लघवी होत असेल तर दूध पोटात जातंय, अर्थात पाणी वगैरे दिलेलं नसेल तर. पहिल्या काही दिवसांत वजन थोडं उतरतं, दोन आठवड्यांपर्यंत ते जन्माच्या वजनावर परत यायला हवं. पुढच्या महिन्यांत महिन्याला निदान अर्धा किलो वाढ हवी. तेवढी नसेल तर आईचं म्हणणं खरं असू शकतं. पुन्हा एक पाजणं पाहा आणि बाळाला तपासायला पाठवा.

दूध मागणीवर बनतं. छाती रिकामी होईल तसं भरतं, भरलेली राहिली तर शरीर हात आखडतं. म्हणून "थोडं साठू दे, मग पाज" हा सल्ला उलटा पडतो, आणि मध्येच दिलेली एक बाटली त्या वेळेची मागणी खाऊन टाकते. मग खरंच दूध कमी होतं आणि सगळे म्हणतात, बघा, सांगितलं होतं! रात्रीचं पाजणं सोडू देऊ नका, दूध बनवणारं संप्रेरक रात्री जास्त असतं.

उन्हाळ्यात पाणी? नको. आईच्या दुधात सुमारे ८७ टक्के पाणीच असतं. बाळाला तहान लागली तर अंगावर घ्यायचं, पाणी आईने प्यायचं.

७. आई कामावर जाते तेव्हा

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २००० सालच्या १८३ क्रमांकाच्या करारात किमान १४ आठवड्यांची प्रसूती रजा आणि कामाच्या वेळात पाजण्यासाठी सुट्टी आहे. शेतमजूर, घरकामगार, फेरीवाली यांच्यापर्यंत ती क्वचितच पोचते. त्यांच्यासाठी हाताने दूध काढणं शिकवा. बोंडीपासून जरा मागे, काळसर भागाच्या कडेला अंगठा आणि बोटं ठेवायची, छातीकडे मागे दाबायची, मग एकमेकांकडे. कातडीवरून बोटं घासायची नाहीत. कामावर जायच्या दोन आठवडे आधी सराव सुरू करा. काढलेलं दूध झाकून सावलीत ठेवा, उष्ण हवेत चार तासांच्या आत संपवा आणि पेल्याने पाजा. पेला धुऊन स्वच्छ होतो, बाटलीच्या बुचात दूध अडकून राहतं. अगदी नवजात बाळसुद्धा पेल्याने पितं. घरच्यांचा विश्वास बसत नाही, पाजून दाखवावं लागतं.

८. डबा, बाटली आणि फुकटच्या वस्तू

१९३९ साली सिंगापूरमध्ये डॉ. सिसिली विल्यम्स यांनी एका भाषणात डब्याच्या दुधाच्या जाहिरातबाजीला खुनाची उपमा दिली होती. पुढे परिचारिकेसारखे कपडे घातलेल्या विक्रेत्या प्रसूतिगृहांत फिरून डबे वाटू लागल्या. अस्वच्छ पाणी, डबा पुरवायला पातळ कालवलेली पावडर, उकळायला नसलेलं जळण, या सगळ्यात बाळं दगावली. १९८१ मध्ये जागतिक आरोग्य सभेने ११८ विरुद्ध १ मतांनी आईच्या दुधाऐवजी विकल्या जाणाऱ्या दुधाच्या विक्री-जाहिरातीवरची आंतरराष्ट्रीय संहिता मंजूर केली. विरोधातलं मत अमेरिकेचं होतं. संहितेनुसार जनतेसाठी जाहिरात नाही, आईला फुकट नमुना नाही, आरोग्य कर्मचाऱ्यांना भेटवस्तू नाही. बाटल्या आणि बुचंही तिच्या कक्षेत येतात.

नवख्यांचा पाय इथे घसरतो. आमच्या एका मेळाव्याच्या जेवणाचा खर्च उचलायला एक कंपनी तयार होती, बदल्यात "फक्त एक छोटा फलक". आमच्याकडे पैसे नव्हते, मी जवळजवळ हो म्हटलं होतं. असा प्रस्ताव आला तर काय उत्तर द्यायचं ते संस्थेच्या कागदावर आधीच लिहून ठेवा, ऐनवेळी भीड पडते. पूर किंवा भूकंपानंतर पावडरीचे ट्रक येतात, तेव्हाही सरसकट वाटू नका.

मात्र काही बाळांना डब्याचं दूध खरंच लागतं. आई हयात नसते, किंवा ती घेत असलेलं औषध स्तनपानाला चालणारं नसतं. डॉक्टरांनी तसं ठरवल्यावर त्या घराला दोष देऊ नका, नीट करायला शिकवा. पावडर निर्जंतुक नसते, म्हणून पाणी उकळून, ७० अंशांच्या खाली उतरायच्या आत त्यात पावडर घालायची. डब्यातल्याच मापाने मोजायची. मग पाजण्याइतकं निववायचं, दोन तासांत न प्यायलेलं फेकायचं. एचआयव्ही असलेली आई औषधं नियमित घेत असेल तर ती पाजू शकते. पहिले सहा महिने निव्वळ स्तनपान करावं, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे.

९. सहा महिने पूर्ण झाले की

कित्येक कार्यकर्त्या इथे हुश्श करतात, आणि इथूनच बाळं वाळू लागतात. आईचं दूध दोन वर्षं आणि पुढेही चालू राहावं, पण सहा महिन्यांनंतर ते एकटं पुरत नाही, विशेषतः लोहासाठी.

आकडे पाठ करा: वरच्या आहारातून सहा ते आठ महिन्यांत रोज सुमारे २०० कॅलरी, नऊ ते अकरात ३००, वर्षानंतर ५५०. सुरुवातीला दोन-तीन वेळा जेवण, नवव्या महिन्यापासून तीन-चार वेळा, शिवाय भूक असेल तर मधलं खाणं. हे आकडे आईला सांगू नका, तिला वाटी दाखवा.

आमचा सर्वांत उपयोगी प्रयोग दोन वाट्यांचा. एकीत पातळ लापशी, दुसरीत तेवढ्याच धान्याची घट्ट. चमचा भरून तिरका धरायचा. पातळ ओघळून जाते, घट्ट चमच्याला धरून राहते. पातळ वाटी मोठी भरलेली दिसते, पण तिच्यात बरंचसं पाणीच आहे आणि बाळाचं पोट त्याच्या मुठीएवढं, हे हातात चमचा असल्यावर समजावावं लागत नाही. घशात अडकेल ही भीती खरी असते. तिची टर उडवू नका, मऊ कुस्करून पहिला घास तिलाच भरवू द्या.

विविधतेसाठी आठ गट धरतात: आईचं दूध, धान्य व कंद, डाळी-दाणे, दुधाचे पदार्थ, मांस-मासे, अंडी, पिवळी-नारिंगी फळं व हिरव्या पालेभाज्या, इतर फळं-भाज्या. रोज निदान पाच यावेत. गोड पेयं आणि पाकिटातला खाऊ यांची मोजणी या गटांत होत नाही. मध वर्षाच्या आत अजिबात नको, त्यातून एक गंभीर विषबाधा होऊ शकते.

आजारपणात खाणं बंद करायची चूक सगळीकडे दिसते. जुलाबातसुद्धा पाजणं चालू ठेवा, जीवनजल (ओआरएस) द्या. बरं वाटल्यावर काही दिवस एक जेवण जास्तीचं.

१०. कधी ताबडतोब पाठवायचं

दोन महिन्यांखालचं बाळ पीत नसेल, मिनिटाला ६० किंवा जास्त श्वास घेत असेल, श्वासागणिक छाती आत ओढली जात असेल, अंग तापलेलं किंवा गार पडलेलं असेल, झटके येत असतील, मलूल असेल, तळहात-तळपाय पिवळे असतील, तर सल्ला देत बसू नका, वाहन बोलवा. सहा महिन्यांवरच्या मुलाच्या दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरपेक्षा कमी भरला तर तेही त्याच दिवशी पाठवा. आईला ताप आणि स्तन लाल, तापलेला, ठणकणारा असेल तर तिलाही पाठवा, पण पाजणं थांबवू नका. आई गप्प राहते, बाळाकडे बघत नाही, हेही धोक्याचं लक्षण धरा.

११. नोंद अशी घ्या

"फक्त तुमचंच दूध देता ना?" हा प्रश्न वहीतून खोडा. तुम्हाला काय ऐकायचंय ते बाईला कळतं आणि ती तेच सांगते. विचारा, "काल सकाळपासून आज सकाळपर्यंत बाळाच्या तोंडात काय काय गेलं?" आणि एकेक वेळ आठवू द्या.

एका घरी आईने सगळं नीट सांगितलं. मी "फक्त आईचं दूध" लिहून वही मिटत होते. दारात खेळणारी पाचेक वर्षांची बहीण म्हणाली, "आणि आजी देते ते चमचाभर पाणी?" आजी हसली, आई माझ्याकडे बघून ओशाळली. आता आमच्या वहीत शेवटचा रकाना आहे: घरात आणखी कोणाला विचारलं?